खालचा डोंगर

१

फुकट वाटणाऱ्या माणसाची कुणाला किंमत नसते. धर्माची गाय अन् दात का गं नाय, ही लोकांची तऱ्हा. बाल्कनच्या डोंगरातल्या गाब्रोवोत आम्ही आरसा चालवत होतो तेव्हा मी हे रोज बघत होते आणि रोज चिडत होते.

आरसा म्हणजे भिंतीवरचा नव्हे. जगभरातले हौशी लोक आपला वेळ घालून सॉफ्टवेअर लिहितात आणि वाटून टाकतात. त्याची मूळ प्रत कुठेतरी दूरच्या एका सर्व्हरवर असते. सगळं जग त्या एकाच दारात येऊन उभं राहिलं तर दार मोडेल, म्हणून गावोगावचे आमच्यासारखे लोक तिची हुबेहूब नक्कल स्वतःकडे ठेवतात आणि आसपासच्यांना देतात. मूळ बदललं की नक्कल बदलते. अशा नकलेला मिरर म्हणतात. आम्ही आपला आरसा म्हणायचो.

आम्ही म्हणजे दोघंच. मी, स्विलेना दोनकोवा, तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी. आणि मिन्योकाका, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा स्पेनमध्ये होता. तो नाताळात फोन करायचा.

वाचनगृहाने, म्हणजे गावच्या वाचनालय-नाट्यगृहाने, तळघरातली एक खोली आम्हाला दिली होती. पूर्वी तिथे नाटकाचे कपडे ठेवायचे. एका भिंतीवर खुंट्या अजून होत्या, आणि दमट हवेत खोलीला पावडरीचा वास सुटायचा. लोखंडी दार, त्याच्या वरच्या भागात जाळीची काच. आत सर्व्हरचं उंच कपाट, एक टेबल, एक स्क्रीन आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची आणावी असं कधी कुणाला सुचलं नाही, कारण आम्ही भांडायचो ते उभ्यानेच.

शनिवारी सकाळी मी जायचे. डोक्यावरच्या रंगमंचावर बायकांचा होरो नाचाचा वर्ग चालायचा आणि त्यांच्या पायांचा ठेका छतातून खाली झिरपायचा. मिन्योकाका स्टोव्हवर कॉफी उकळत असायचे.

"आज कुणावर?" ते विचारायचे. म्हणजे, आज कुणावर चिडलीस.

"तेच नेहमीचे. ती हावरट यंत्रं. एकच फाइल दिवसभर नेतात, पुन्हा नेतात, पुन्हा नेतात. वाचायला नाही, वापरायला नाही, नुसती ओरबाडायची. आणि त्यांच्यामागे तो बिचारा डोंगरातल्या शाळेतला मास्तर रांगेत ताटकळतोय. तोडते मी सगळ्यांना."

"राहू दे गं. दार उघडं ठेवलं म्हणजे माणूस येणार तसं मांजरही येणार."

"आपल्या गावात मांजराची शेपटी छाटतात, दार लवकर लागावं, घरातली ऊब वाया जाऊ नये म्हणून."

"ते चेष्टेने सांगतात, पोरी."

"चेष्टेने नाही सांगत."

काका हसायचे. त्यांनी हयात एक्सचेंजमध्ये काढली होती आणि आलेला कॉल कधी स्वतःहून तोडला नव्हता. हे ते अशा अभिमानाने सांगायचे की जणू कुणी लढाईचं पदक सांगतंय.

२

स्क्रीनवर एक आलेख कायम चालू असायचा. मधोमध आडवी रेघ. आमच्याकडून बाहेर जाणारं सगळं रेघेच्या वर, हिरव्यात. आत येणारं रेघेखाली, निळ्यात. आरसा मुळात देणारा. मागणाऱ्याची मागणी चिठ्ठीएवढी, आणि त्याला मिळणार गाडाभर. त्यामुळे वर हिरवे डोंगरच डोंगर आणि खाली निळा दोरा, असंच चित्र आम्ही इतकी वर्षं पाहत आलो होतो.

त्या जूनमध्ये, गावभर लिंडनच्या फुलांचा वास सुटला होता तेव्हा, एका शनिवारी मला तो दोरा जाड दिसला.

"काका, आत काय येतंय हे?"

"मूळ ठिकाणाहून नवी प्रत येत असेल."

"ती पहाटे येते आणि संपते. हे चालूच आहे."

मी शोधत बसले. आमच्या सर्व्हरवर बाहेरच्या कुणालाही काही ठेवता येत नाही, फक्त नेता येतं. डिस्क पाहिली. ती तसूभरही जास्त भरली नव्हती. म्हणजे दारातून गाड्यामागून गाडा आत येत होता आणि घर होतं तसंच होतं. तेव्हा माझ्या मते एकच गोष्ट शक्य होती. मोजणारं यंत्र खोटं बोलत होतं. शाळेतून दुसरं नेटवर्क कार्ड आणून बसवलं. दोरा तसाच राहिला.

पुढच्या शनिवारी तो दोरा राहिलाच नव्हता. रेघेखाली निळा डोंगर होता. वरचा हिरवा डोंगर जसाच्या तसा, फक्त उलटा. तीच शिखरं, त्याच खिंडी, एका बाजूला तोच बसका उतार. धरणाच्या निवांत पाण्यात बाल्कनचे डोंगर दिसतात ना, अगदी तसं.

"छान दिसतंय," काका म्हणाले.

"छान? अहो, आपण जे जे देतोय ते कुणीतरी आपल्याच तोंडावर परत फेकतंय! चोर तो चोर, वर शिरजोर! नको असेल तर नेऊ नका ना!"

"फेकतंय कशावरून? परत पाठवत असेल."

"आपण काय भांडी उसनी दिलीयेत, परत पाठवायला?"

काकांनी कॉफीचा कप माझ्या हातात दिला आणि थोड्या वेळाने, स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "एक सांगू? मला बरं वाटतंय. एवढी वर्षं आपण देतोय. कुणाकडून साधं 'मिळालं हो' असंसुद्धा कधी आलं नाही."

वर नाच थांबला होता. खोलीत फक्त पंख्यांची घरघर होती. तिच्यात एक दुसरी, जरा खालच्या पट्टीतली घरघर मिसळल्यासारखी मला वाटली. पण पंखे जुने होते, आणि जुने पंखे काहीही आवाज काढतात.

३

सोमवारी दोन तासिकांमधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीतून इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीला फोन लावला. फोनवर एक तरुण होता. आवाजावरूनच वैतागलेला.

"नमस्कार, वाचनगृहाच्या जोडणीबद्दल बोलायचं होतं."

"मॅडम, सकाळी बोललो ना आपण."

"मी आत्ता पहिल्यांदा फोन करतेय."

"स्विलेना दोनकोवा?"

"हो."

"मग तुम्हीच की. तुम्ही म्हणालात, आत येतंय ते थांबवा. मी म्हटलं, आमच्या बाजूने तुमच्याकडे काहीच येत नाहीये. तुमच्याकडून जातंय, ते दिसतंय. येत काही नाही. मी तीनतीनदा तपासून सांगितलं."

"काही येत नाही कसं? माझ्या डोळ्यांसमोर डोंगराएवढं येतंय!"

"हेसुद्धा बोललात. डोंगर. आणि मग मला झोपाळू वासरू म्हणालात."

त्याला मी तोवर तसं म्हटलं नव्हतं. पण म्हणणार होते. तो शब्द जिभेवर तयार होता, आमचे आजोबा आळशी गड्यांना म्हणायचे तो.

"हॅलो?" तो म्हणाला.

"त्या बाईचा आवाज कसा होता?"

"असाच. तुमचाच." तो जरा घुटमळला. "आत्ता तुमच्या मागे मुलांचा गलका ऐकू येतोय. सकाळी मागे काहीच नव्हतं. म्हणजे शांत होतं असं नाही म्हणत मी. काहीच नव्हतं. मी विचारलंसुद्धा, मॅडम, लाइनवर आहात ना? तर तुम्ही आणखी चिडलात."

मी फोन ठेवला. भीती नव्हे, संताप आला होता. माझ्या नावाने, माझ्या आवाजात कुणीतरी लोकांना शिव्या घालत होतं. शाळेतलंच एखादं कार्टं असणार. आवाजाची नक्कल करणारी खेळणी आता प्रत्येक मोबाइलमध्ये असतात. आजोबांचा शब्द त्याला कुठून कळला, हा प्रश्न मी बाजूला सारला. वर्गात मी तो कधीतरी वापरला असेन. नक्कीच वापरला असेन.

४

शाळा सुटताच तडक तळघर गाठलं. दारापाशी उभी राहून पिशवीत किल्ली शोधत होते तोच कुलूप उघडल्याचा आवाज झाला. खट्. आमच्या कुलपाचा ओळखीचा, जरा अडखळून होणारा. वाटलं, काका आतून उघडताहेत. थांबले. दार काही उघडेना.

किल्ली सापडली. घातली, फिरवली. कुलूप तोवर बंदच होतं. आता ते उघडलं, पण आवाज झाला नाही. लोण्यात सुरी जावी तशी किल्ली फिरली.

आत कुणी नव्हतं. मी खुर्चीकडे वळले आणि खुर्ची करकरली. मग मी बसले. ती गप्प.

उन्हाने लोखंड फुगतं. लाकूड सुकतं, करकरतं. मी शिकवते हे. आधी कारण, मग परिणाम, असं दरवर्षी फळ्यावर लिहिते. उलट लिहिलं तर शेवटच्या बाकावरचं पोरसुद्धा हसेल.

आलेख मोठा करून पाहिला. इतका मोठा की डोंगराचा एकेक दगड दिसावा. तेव्हा दिसलं ते. दोन्ही डोंगर तंतोतंत समोरासमोर नव्हते. खालचा किंचित पुढे होता. केसभर. म्हणजे आमच्याकडून गेलेलं परत येत नव्हतं. आधी निळं येत होतं आणि मागून हिरवं जात होतं. मूळ तिकडे होतं, आणि आम्ही इकडे नुसती त्याची नक्कल करत होतो.

मिन्योकाका आले ते चीज भरलेल्या बानित्सा पेस्ट्रीचा पुडा घेऊन. तेलाचे डाग पडलेला कागद त्यांनी टेबलावर उलगडला.

"खा. उपाशी असलीस की जास्त तडतडतेस."

"काका, दाराचा आवाज ऐकलात कधी? उघडायच्या आधी?"

"हो, नेहमीच की," ते सहज म्हणाले. "महिनाभर झाला. तुझी पावलंही जिन्यावर आधी वाजतात, मग जरा वेळाने तू येतेस. कॉफी चढवायला बरं पडतं."

"आणि हे मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर चिडली असतीस."

मी खरंच चिडले. उठले, कपाटाचं दार उघडलं आणि बाहेरच्या जोडणीची तार मुठीत धरली. स्क्रीन समोरच होता. माझी मूठ तारेवर होती, तार जागेवर होती, आणि खालचा निळा डोंगर कोसळला. कड्यावरून ढकलल्यासारखा सरळ खाली, शून्यावर. वरचा हिरवा अजून चालू होता.

मी तो उभा हिरवा डोंगर बघत राहिले. मनात म्हटलं, नाही उपटत जा! तू म्हणशील तसं मी का करू? हात सोडून द्यायचा होता. अगदी ठरवलं होतं. आणि तरी हाताने तार उपटली.

हिरवा कोसळला.

काकांनी उसासा टाकला. माझ्या हातातून तार घेतली आणि पुन्हा जागेवर बसवली. जोडता जोडता म्हणाले, "रागाने हात चालतो माणसाचा. त्यात एवढं काय."

मलाही तेच वाटलं. रागाने हात चालतो. दुसरं काय असणार?

"हे बंद करायचं, काका. आजच."

त्यांनी हनुवटी वर उचलून जीभ टाळूला लावली. नाही. "मी आलेला कॉल तोडत नाही."

"कॉल कुणाचा आहे ते तर विचाराल!"

"एक्सचेंजवाल्याने ते विचारायचं नसतं."

बानित्साला मी हातही लावला नाही. बाहेर पडले आणि दार जोरात आपटलं. दार आपटल्याचा आवाज मी खोलीत असतानाच होऊन गेला होता, हे मला रस्त्यावर आल्यावर आठवलं.

५

आठवडाभर मी तिकडे फिरकले नाही. रविवारी दुपारी मात्र ठरवलं, आता पुरे. काका जेवायला घरी गेले असतील, नसतील तर त्यांच्यासमोर, पण आज हे कपाट थंड करायचं.

यांत्रा नदीच्या काठाने बस चालली होती. उकडत होतं, म्हणून तळघरातल्या गारव्यासाठी घातलेला तपकिरी स्वेटर काढून मी हातावर घेतला होता. खिडकीशी बसून मी काकांना सुनवायची वाक्यं जुळवत होते. माझी ती जुनी सवय. भांडायला जाताना मी अख्खं भांडण आधी मनात भांडून घेते. म्हटलं, सांगीन की हा आरसा दोघांचा आहे, एकट्याची जहागीर नव्हे. सांगीन की देणं म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं नव्हे. आणि मग एक वाक्य आपसूक तयार झालं: तुम्हाला कुणाचाही कॉल चालतो काका, कारण तुम्हाला कुणाचाच येत नाही. तुमचा स्वतःचा मुलगासुद्धा वर्षातून एकदा, कर्तव्य म्हणून.

वाक्य चांगलं धारदार होतं. क्षणभर मला त्याचा अभिमानही वाटला. मग मला काकांचा तो तेलकट कागद आठवला, उलगडलेला, त्यातला मोठा तुकडा माझ्या बाजूला सरकवलेला. नाही, म्हटलं. हे बोलायचं नाही. कितीही राग आला तरी हे नाही. पुढच्या थांब्याला मी उतरले तेव्हा ते वाक्य मी मागे बसमध्येच टाकून आले होते.

वाचनगृह रविवारी रिकामं असतं. पायऱ्या उतरले. माझ्या पावलांचा आवाज येत नव्हता. मी रबरी तळव्यांच्या चपला घातल्या होत्या, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

दारामागे काका बोलत होते.

"जहागीर मी कधी म्हटलं? दोघांचाच आहे."

मग थांबले. कुणीतरी बोलत असताना आपण थांबतो तेवढे. मला दुसरा आवाज येत नव्हता. पंख्यांची घरघर मात्र होती, आणि तिच्याखाली ती दुसरी.

"दार उघडं टाकून कोण झोपलंय? मी तर जागाच आहे इथे."

पुन्हा थांबले. मी जिथल्या तिथे उभी होते. तोंड घट्ट मिटलेलं. पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात मी ओरडत होते, नको, ते मी टाकून दिलंय, ते मी बोलणार नव्हते.

आतली शांतता लांबली.

मग काकांचा आवाज आला, अगदी हळू. "हे नको होतं बोलायला, स्विलेना."

मी जाळीच्या काचेला डोळा लावला. काका त्या एकुलत्या खुर्चीवर बसले होते, मान वर करून, उभ्या माणसाकडे बघावं तसे कपाटाकडे बघत. कपाटाचं दार माझ्या बाजूला उघडलेलं होतं आणि त्याच्या आडोशाला कोण उभं आहे ते दिसत नव्हतं. फक्त दाराच्या कडेवरून पुढे आलेला एक हात दिसत होता, कोपरापर्यंत. तपकिरी स्वेटरची बाही, दोनदा दुमडलेली. विजेच्या तारेचा फेर बोटाभोवती गुंडाळलेला, मी गुंडाळते तसा. मनगटावर माझं घड्याळ होतं. पण ते उजव्या मनगटावर. मी डाव्या हातात घालते.

माझा स्वेटर माझ्या हातावर होता. मी तो छातीशी घट्ट धरला.

तो हात मागे गेला. तार सुटल्याचा आवाज झाला, आणि एकेक करून सगळे पंखे बंद पडत गेले.

दार उघडून काका बाहेर आले. मी वाटेतच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी तिथे आहे याचं त्यांना जराही नवल वाटलं नाही. डोळे लाल झाले होते.

"काका, ते मी नाही बोलले! मी आत्ता आलेय!"

"पुरे, पोरी."

"ऐका तरी! आत कोण होतं?"

"एकदा बोललीस ते पुरे झालं. केलंस ना तुझ्या मनासारखं बंद? आता वर पुन्हा तेच काय सांगतेस?" ते कठड्याला धरून पायऱ्या चढू लागले. मधेच थांबले. "खरं बोललीस, म्हणून जास्त लागलं."

त्यांच्या मागे धावायला हवं होतं. पण रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती. मी आधी आत घुसले.

आत कुणी नव्हतं. दुसरं दार नव्हतं, खिडकी नव्हती. कपाट थंड पडत होतं, स्क्रीन काळा. तार व्यवस्थित गुंडाळून नाटकाच्या एका खुंटीला लावली होती. जे करायला मी आले होते ते सगळं झालेलं होतं, नीटनेटकं. आणि जे मी करणार नव्हते तेही.

इतकी वर्षं मी फुकट्यांवर चिडले होते. फाइली नेतात, वेळ नेतात, वीज नेतात. पण हे कसलं लुटणं? कुणी माझा राग नेला होता. मी वापरायच्या आधी, मी चाळून बाजूला काढायच्या आधी, कचऱ्यासकट नेला होता, आणि तो नेऊन माझ्या एकुलत्या मित्राच्या तोंडावर मारला होता.

मी त्या रिकाम्या खोलीत ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. भिंतींवरून आवाज परत आला नाही.

६

मी आता सेव्हलिएवोला मावसबहिणीकडे असते. ती सारखी विचारते, स्वतःचं घर असताना तिथे का जात नाहीस? म्हणून त्या दुपारचं उरलेलंही सांगून टाकते.

काकांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं नाही. मग चालतच घरी आले. आमच्या इमारतीखाली बाकावर खालच्या मजल्यावरची स्तान्कामावशी चेरीच्या बिया काढत बसली होती. कोपरापर्यंत हात लाल.

मला बघून तिने भुवया चढवल्या. "आता गं? काही विसरलीस की काय?"

"का?"

"का काय? आत्ताच तर वर गेलीस. पुन्हा रस्त्यावरून कशी येतेस? मागच्या दाराने उतरलीस होय?"

"मी आत्ता येतेय, मावशी."

"मग मी आंधळी!" ती फणकारली. "नमस्कारसुद्धा घातला नाहीस मघाशी. एवढी कुणावर भडकली होतीस? तरातरा गेलीस आपली, पावलं तेवढी दणदण वाजत होती."

खरं सांगते, भीती वाटली नाही. भीती वाटायला हवी होती, पण रागाने तिला जागाच उरली नव्हती. तळघर ठीक आहे, ते वाचनगृहाचं. वरचं घर माझं होतं. माझ्या आईने गिरणीत उभं राहून राहून पाय सुजवून घेतले होते त्या घरासाठी. आयत्या बिळावर नागोबा? माझ्या घरात? मी जिना चढले. एकेका मजल्यावर आणखी चिडत चढले. ओठांवर वाक्यं जमत होती. कोण तू? कोणाच्या परवानगीने? नीघ बाहेर, आत्ताच्या आत्ता नीघ! पावलांचा आवाज येत नव्हता. पर्वा केली नाही.

दारापाशी पोचले. किल्ली लावली, फिरवली, पण दार इंचभरही हललं नाही. आतून कडी होती.

आतून आवाज येत होते. नळ सोडल्याचा. कपाटाचं दार, जे जरा उचलून लावावं लागतं, ते उचलून लावल्याचा. माझ्या सपाता फरशीवर घासत चालल्याचा. एका बाईच्या साध्या, थकल्या रविवारचे आवाज. घरी आल्यावर मी करते त्या सगळ्यांचे, त्याच क्रमाने.

मी दोन्ही मुठींनी दारावर मारलं.

सपाता थांबल्या. मग दाराकडे आल्या आणि दाराच्या अगदी पलीकडे येऊन उभ्या राहिल्या. आम्हा दोघींच्या मध्ये एक फळी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तो चिडलेल्या माणसाचा श्वास होता. माझा मला ऐकू येईना.

"कोण आहे?" आतून आवाज आला. माझाच. आणि त्यात असा संताप होता, इतका भरघोस, इतका हक्काचा, की मी दारापासून मागे सरले. "कोण आहे तिकडे? कोणाच्या परवानगीने दार बडवताय? निघा! आत्ताच्या आत्ता निघा इथून!"

मी तोंड उघडलं. सगळी वाक्यं तयार होती. एकेक आठवून पाहिलं. एकही उरलं नव्हतं.

"माफ करा," मी म्हणाले. "दार चुकलं माझं."

आणि कठडा धरून हळूहळू जिना उतरायला लागले.